गुलाल मॅडम

"बुरशी आली! पोरींनो, बुरशी आली!"

धुळ्याच्या वसतिगृहातली माझी पहिली सकाळ या आरोळीनं सुरू झाली. मी घाबरून खाली अंगणात गेले. तिथं एक ठेंगण्या, गोल बांध्याच्या बाई हातात भाकरीचा तुकडा उंच धरून उभ्या होत्या. भाकरीवर हिरवट-पांढरी लव आलेली. दात घासणाऱ्या दोन-तीन मुली त्यांच्याभोवती जमल्या होत्या.

"बघा, बघा, कशी मखमल आलीय!" असं म्हणत त्यांनी तो तुकडा माझ्याच नाकाखाली धरला. "नवी का गं तू? नरडाण्याकडची ना? नाश्ता झाला? कर आधी. मग प्रयोगशाळेत ये, सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. उपाशीपोटी नको, काहींच्या पोटात ढवळतं."

माझं लक्ष भाकरीकडे नव्हतंच. त्या बाईंचे दोन्ही गाल, नाक आणि कपाळाचा मधला भाग लालभडक होता. निवडणूक जिंकलेल्या माणसाच्या तोंडावर गुलाल असावा तसा. त्या लालीवर बारीक बारीक पुटकुळ्या. मला वाटलं, या फार रागावलेल्या आहेत. पण त्या तर हसत होत्या.

ह्या आमच्या देवरे मॅडम. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. पोरी त्यांना पाठीमागे गुलाल मॅडम म्हणायच्या. मॅडमना ते ठाऊक होतं. एकदा फळ्यावर कोणीतरी तसं लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी खडू घेतला आणि खाली लिहिलं, "बिनविरोध." मग ते पुसून त्या शेवाळाकडे वळल्या.

मला व्यक्तिचित्र वगैरे लिहिता येतं असं मी म्हणत नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. पण जळगावला एम.एस्सी.ला आल्यापासून इथल्या मैत्रिणींना मी मॅडमच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की एक जण वैतागून म्हणाली, "एकदाची लिहून काढ, म्हणजे आम्ही सुटू." म्हणून लिहिते आहे.

मॅडम मूळच्या साक्रीकडच्या. म्हणजे खान्देशातल्याही खान्देशातल्या. आणि तरी तिखट खात नव्हत्या. आमच्याकडे हे ऐकून लोक आधी हसतात आणि मग कीव करतात. हिवाळ्यात वसतिगृहात भरिताचा बेत व्हायचा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटायचा, वरून तेल. ठसक्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. मॅडम वाऱ्याची दिशा पाहून धुरापासून लांब बसत आणि एका वाटीत आपलं वेगळं भरीत कालवत. त्यात मीठ, दाण्याचा कूट आणि कोथिंबीर.

स्वयंपाकीण अक्का दरवेळी ती वाटी पाहून म्हणायची, "ताई, हे भरीत नाही. हे आजारी वांगं आहे."

"अक्का, वांगं बरं आहे. आजारी मी आहे," मॅडम म्हणत आणि बोटं चाटत खात.

तिखट खाल्लं, उन्हात फिरलं, चुलीजवळ बसलं, कढत काही प्यालं की त्यांचा चेहरा पेटायचा. म्हणून त्या डोक्यावर पदर, पदरावर छत्री आणि छत्रीखाली पुन्हा घाई अशा कॉलेजात जात. चहा मात्र त्यांना सोडवत नव्हता. दुपारीच काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा ओतून ठेवायच्या. संध्याकाळी तो गार झाला की ओट्यावर खुर्ची टाकून, पाय हलवत, घोट घोट घ्यायच्या. त्या वेळी रस्त्यानं जाणाऱ्यांना काय दिसायचं? लाल तोंडाची बाई, हातात काचेचा पेला, पेल्यात तांबूस काहीतरी, आणि बाई आनंदात. पलीकडच्या चाळीत यावर काय बोललं जात असेल हे सांगायला नको.

त्यांच्या तोंडाला काय झालंय ते त्यांनीच एका तासाला आम्हाला सांगितलं. जिवाणूंचा धडा चालला होता.

"याला रोझेशिया म्हणतात. नाव कसं गुलाबासारखं आहे ना? सुरुवातीला थोडंच होतं. मग मी काय केलं? मी एम.एस्सी. झालेली बाई. मेडिकलवाल्याला जाऊन म्हटलं, 'भाऊ, तोंडाला लावायला काहीतरी चांगलं द्या.' त्यानं दिलं. चेहरा असा झाला की सासूबाई म्हणाल्या, नजर लागेल. मी खूश! लावतेय, लावतेय. मग एकदा ट्यूब मिळेना. चार दिवस लावलं नाही तर हा गुलाल उधळला, पहिल्यापेक्षा दुप्पट! ते स्टेरॉइडचं क्रीम होतं. डॉक्टरांनी विचारलं, कोणी दिलं? मी म्हटलं, मीच मागितलं." एवढं सांगून त्या वर्गाकडे पाहून टाळी वाजवून म्हणाल्या, "चला, आता जिवाणू!"

नंतर डॉक्टरांनी त्यांना चेहऱ्याला लावायचं अँटिबायोटिक जेल दिलं होतं. त्यानं पुटकुळ्या कमी झाल्या होत्या, लाली तेवढी हटत नव्हती. ही ट्यूब त्या आपल्या खोलीत ठेवू शकत नव्हत्या. रेक्टरची खोली पत्र्याची. धुळ्याच्या उन्हात त्या पत्र्याखाली ट्यूबमधलं औषध पातळ होऊन वाहायला लागे. म्हणून त्यांनी तिच्यावर शाईनं 'देवरे' लिहिलं आणि खालच्या व्हरांड्यात, माठांच्या मागच्या गार कोनाड्यात ती ठेवली.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या गावांकडे माठाजवळ ठेवलेली वस्तू सगळ्यांची असते. गूळ असो, शेंगा असोत, लोणच्याची बरणी असो. पाणी प्यायला येणाऱ्यानं घ्यावं म्हणूनच ती तिथं असते. तिथून काही घेताना कोणी विचारत नाही. विचारलं तर उलट परकेपणा वाटतो. वसतिगृहातही तेच चालायचं. घरून आलेला डबा माठाजवळ ठेवला की तो सगळ्यांचा.

माझ्या खोलीत सुनंदा होती. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. घरी केळी आणि कपाशी. अभ्यासात माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार, पण चेहऱ्यावर मुरूम होते आणि त्यापायी ती वर्गात शेवटच्या बाकावर ओढणी गालावर घेऊन बसायची. तिला माठाजवळची ट्यूब दिसली.

"मॅडम तोंडाला लावतात तेच आहे हे," ती मला म्हणाली.

"अगं, पण त्यांचं तोंड तर लालच आहे."

"लावूनही एवढं लाल आहे. न लावता किती असतं, विचार कर!"

हिशेब मलाही पटला. सुनंदानं कपड्याच्या साबणानं तोंड खसाखसा घासलं आणि ते जेल दिवाळीतल्या उटण्यासारखं थापलं. गालांवर, कपाळावर, पार पापण्यांपर्यंत. तिचं पाहून दुसऱ्या खोलीतल्या मुलींनीही घेतलं. एकीनं डास चावला तिथं लावलं, एकीनं तव्याचा चटका बसला तिथं, एकीनं टाचांच्या भेगांना. कोणाच्या मनात चोरी नव्हती. सगळं कसं वाटून, आपुलकीनं चाललं होतं.

सकाळी सुनंदाचा एक डोळा सुजून मिटला होता आणि गाल सोलल्यासारखे झाले होते.

मॅडम आल्या. त्यांनी विचारलं एवढंच, "डोळ्यात गेलं?" आणि उत्तराची वाट न पाहता तिचं डोकं माठाच्या तोटीखाली धरलं. "धू. अजून धू. उघड डोळा, दुखला तरी उघड. अजून." आम्ही एकामागून एक तांबे भरून देत होतो. मग तिला रिक्षात घालून त्या आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत, आपल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा सुनंदा हसत होती. डोळ्याला काही झालं नव्हतं, आग उतरायला थोडा वेळ लागणार होता. मॅडमचा चेहरा मात्र उन्हानं असा फुलला होता की पाहवत नव्हता.

पण बातमी त्याआधीच एस.टी.नं निघाली होती. वसतिगृहातली एक मुलगी त्याच दिवशी शिरपूरला गेली. तिनं 'डोळा सुजला' असं सांगितलं. शिरपूरच्या स्टँडवर तो 'डोळा गेला' झाला. आणि सुनंदाच्या गावी पोचेपर्यंत त्यात भर पडली, की रेक्टर बाईनं पिऊन, भलतंच औषध पोरीच्या डोळ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनंदाचे वडील आले. सगळे त्यांना आबा म्हणत. उंच, काटक, पांढरी टोपी. सुनंदाचा डोळा त्यांनी अंगठ्यानं उघडून पाहिला, सुस्कारा सोडला आणि अहिराणीत म्हणाले, "पेटी भर. चाल घर."

"आबा, मन्हा डोळा बरा शे."

"बरा शे ते बरंच शे. पन आठे नही ऱ्हावानं आते."

सुनंदा रडायला लागली. मला माहीत होतं, ती एकदा गावी गेली की संपलं. तिच्या आधी त्यांच्या घरातून कोणी मुलगी दहावीच्या पुढे गेली नव्हती. एवढ्यात ओट्यावरून मॅडम आल्या. हातात तो पेला. आबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग पेल्याकडे पाहिलं.

"ताई, एक इचारू का? राग नका मानू."

"इचारा ना, आबा."

"तुम्हनं तोंड इतलं लाल कसाले शे? आनी ह्या गिलासमा काय शे?"

मॅडमनी क्षणभरही विचार केला नाही. पेला आबांच्या पुढे केला आणि त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, "ल्या आबा, तुम्हीच चाखी दखा."

आबांनी आधी वास घेतला. मग एक घोट घेतला. तो घोट तोंडात तसाच ठेवून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, आणि कसाबसा गिळला.

"थंडा चहा!" ते म्हणाले. "ताई, याना परीस ते दारू बरी!"

आधी मॅडमच हसल्या, मग अक्का, मग आम्ही सगळ्या. आबा मात्र हसले नाहीत.

"बरं, दारू नही. मंग औषध माठजोडे कसाले ठेयं?"

मॅडमचं हसू थांबलं. "ती माझी चूक," त्या म्हणाल्या. "नाव टाकलं, ठेवलं आणि मोकळी झाले. सांगितलं कोणालाच नाही. माठाजवळचं सगळ्यांचं असतं, हे मला कळायला हवं होतं. मी काय बाहेरची आहे का?"

हे ऐकून आबा जरा नरमले. पण त्यांचा खरा राग दुसरीकडे होता. ते सुनंदाकडे वळले. "बारावी पास शे ना तू? मंग ट्यूबवर काय लिखेल शे ते वाचता येत नही? नही वाचता येत ते शिकीसन काय उपयोग? घर काय नि आठे काय!"

सुनंदा पुटपुटली, "इंग्लिशमा व्हतं, आबा."

"मंग तू काय शिकी ऱ्हायनी?"

मॅडम पुढे झाल्या. "दिवाळीपर्यंत ठेवा तिला," त्या म्हणाल्या. "मी शिकवते. दिवाळीला तुम्ही स्वतः परीक्षा घ्या. नापास झाली तर पेटी मी बांधून देईन. आणि आत्ता चला माझ्याबरोबर."

"कोठे?"

"डॉक्टरांकडे. तुमच्या पोरीचे मुरूम तुमच्यासमोर दाखवू. उगाच ऐकीव नको."

आणि त्या आबांना खरंच घेऊन गेल्या. मी आणि सुनंदा मागच्या रिक्षात. दवाखान्यात डॉक्टरांनी सुनंदाला पुष्कळ विचारलं. कोणत्या औषधानं अंगावर पुरळ येतं का, दुसरी कोणती गोळी चालू आहे का, पोटाचा जुना आजार आहे का. मग म्हणाले, आग पूर्ण उतरल्यावर औषध सुरू करायचं. रात्री लावायचं जेल आणि सकाळी लावायचं दुसरं क्रीम. आबांनी ट्यूब हातात घेऊन तोलली.

"इतलीशीमा काय व्हई? मोठी द्या ना, डॉक्टरसाहेब."

"पूर्ण तोंडाला तुरीच्या दोन दाण्यांएवढी पुरते," डॉक्टर म्हणाले. "जास्त लावून लवकर बरं होत नाही, आगच होते. फरक दिसायला महिना-दीड महिना लागेल."

"इतला दिन! कपाशीवर फवारा मारा ते तिसरा दिन अळी पडस."

मॅडम याचीच वाट पाहत असाव्यात. खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "आणि आता पडते का, आबा? या सालात पडली का?"

आबांनी हातातली ट्यूब टेबलावर ठेवली. त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांच्या कपाशीचं हेच दुखणं होतं.

"नही पडत," ते शेवटी म्हणाले. "आते कोन्ताच फवाराले मरत नही."

"का नाही मरत? याचं उरलेलं त्यानं मारलं, त्याचं थोडं याच्यात मिसळलं, अर्धं मारून थांबले, पुन्हा तेच मारलं. अळी मेली नाही, शहाणी झाली!" मॅडमचा आवाज इतका चढला होता की बाहेर बसलेले रोगी आत डोकावले. "तेच या जंतूंचं. माझी ट्यूब हिनं लावायची नाही, हिची ट्यूब हिच्या बहिणीनं नाही. आणि डॉक्टर बंद करा म्हणाले की बंद. चेहरा चांगला दिसतोय म्हणून वर्षभर चोपडायची नाही."

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मला बोलायला काही राहू द्या आता."

"तुम्ही लिहून द्या," मॅडम म्हणाल्या.

आबा त्या दिवशी एकटेच शिरपूरच्या गाडीत बसले. पेटी खोलीतच राहिली. पण दिवाळीची अट राहिलीच.

त्यानंतरच्या रविवारी मॅडमनी सगळ्या मुलींना अंगणात बसवलं आणि तालीम घेतली. औषध वाया घालवायचं नाही म्हणून दुधाची साय वापरली. प्रत्येकीच्या बोटावर तुरीच्या दोन दाण्यांएवढी साय.

"तोंड धुतलं? कोणत्या साबणानं? कपड्याच्या नाही, सौम्य. घासलं? घासायचं नाही गं, ते काय पातेलं आहे? पुसताना नुसतं टिपायचं. आता थांबा, कोरडं होऊ द्या. आता लावा. एकेका पुटकुळीवर टिकली नाही लावायची. जिथं जिथं येतात त्या सगळ्या भागावर पातळ. दिसता कामा नये. डोळे, ओठ, नाकपुड्या, तिकडे जायचं नाही. कापलं असेल तिथं नाही. झालं? आता हात धुवा."

"मॅडम, हात चाटले तर चालतील का?" एकीनं विचारलं.

"आज चालतील," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःही चाटले.

सुनंदाला त्यांनी ट्यूबच्या खोक्यातला कागद शब्दकोश घेऊन वाचायला लावला. रोज थोडा. मॅडम ओट्यावर पाय हलवत बसत आणि सुनंदा अडखळत वाचे. त्यात एक ओळ होती की जुलाब होऊ लागले तर औषध बंद करून डॉक्टरांना दाखवावं. सुनंदानं विचारलं, तोंडाला लावलेल्याचा पोटाशी काय संबंध? मॅडम खुर्चीतून उठल्याच. "वा! हा प्रश्न! कातडीतून थोडं आत जातं गं. क्वचितच होतं, पण पोटातले चांगले जंतू मेले आणि वाईट माजले तर मोठा त्रास. रक्त पडलं तर लगेच पळायचं."

पुढे एकदा बाहेर शेवभाजी खाऊन सुनंदाचं पोट बिघडलं. तिनं लाजत लाजत मॅडमना सांगितलं. मॅडमनी भर व्हरांड्यात, "किती वेळा? पातळ की पाण्यासारखं? रक्त?" असे एवढ्या उत्साहानं प्रश्न विचारले की सुनंदा ओढणीत तोंड लपवून बसली. शेवभाजीचाच प्रताप आहे हे सगळ्यांना दिसत होतं. तरीही मॅडमनी डॉक्टरांना विचारेपर्यंत ट्यूब लावू दिली नाही.

मुरूम मात्र जाईनात. सुनंदा तासातासाला आरशात पाहायची. दिवाळी जवळ येत होती. एकदा तिनं मला हळूच विचारलं, "दोनदा लावलं तर?" मी उत्तर द्यायच्या आत खिडकीतून मॅडमचा आवाज आला, "ज्वारीचं कणीस रोज सोलून पाहिलं तर दाणा लवकर भरतो का गं?" त्यांनी आमच्या खोलीतला आरसा काढून नेला आणि रविवारी तेवढा परत द्यायला लागल्या. रविवारची सगळा मजला वाट पाहायचा. "डावा गाल खाली बसतोय!" "कपाळावर नवीन आलेलंच नाही!" परीक्षेचा निकाल लागावा तशी आरडाओरड व्हायची आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज मॅडमचा. दिवाळीच्या सुट्टीला सुनंदा गेली तेव्हा चेहरा अर्धा निवळला होता. अर्धाच. आबांना हे पुरेल की नाही कोणाला माहीत!

सुट्टी संपली. सगळ्या आल्या, सुनंदा आली नाही. तिच्या खाटेवर उशी तशीच. त्या दिवसांत मॅडमना मी पहिल्यांदा शांत पाहिलं. बुरशी आली तरी ओरडल्या नाहीत. दर रिक्षाच्या आवाजाला फाटकाशी जायच्या आणि "दूधवाला," असं म्हणून परत यायच्या.

शेवटी एका दुपारी आबा आणि सुनंदा आले. सुनंदाच्या डोक्यावर केळीचा घड होता. मॅडमनी घड उतरवून घेण्याइतकाही धीर धरला नाही.

"आबा, पास की नापास?"

आबा ओट्यावर टेकले. टोपी काढून डोकं पुसलं. मग त्यांनी सांगितलं. दिवाळीत सुनंदाची फुई, म्हणजे आबांची बहीण, घरी आली होती. तिनं जत्रेतून भाचीसाठी गोरं करणारं क्रीम आणलं होतं. डबीवर बाईचं चित्र, आठ दिवसांत डाग जातील अशी हमी. सगळ्या बायका म्हणाल्या, लाव. सुनंदानं डबी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, फुई, यात काय घातलंय ते लिहिलेलंच नाही. जे लिहिलेलं नाही ते मी तोंडाला लावणार नाही. फुई चिडली, रुसली, जेवेना. सुनंदा तिच्या शेजारी जाऊन बसली आणि आपली ट्यूब दाखवून सगळं समजावत राहिली. का थोडंच लावायचं, का वाटून घ्यायचं नाही, अळी शहाणी कशी होते.

"इंग्लिश वाचीसन अहिराणीमा सांगे," आबा म्हणाले. "मन्ही बहीन आख्खा गावले सांगत फिरनी, पोर डॉक्टरीन झाई. ते मुरूम गयात का नही, माले काय करनं शे? पोर पास शे, ताई."

"मग उशीर का केला हो?" मॅडम ओरडल्याच.

"केळी काढानी व्हती ना!"

मॅडमनी केळीच्या घडासकट सुनंदाला मिठी मारली. दोन-तीन केळी चिरडली. अक्का ओरडली. त्या संध्याकाळी सगळ्यांनी शिकरण खाल्लं.

सुनंदाचे मुरूम पुढे बरेच गेले, काही खुणा राहिल्या. डॉक्टरांनी ट्यूब बंद केली तेव्हा तिनं ती बंद केली. ओढणी केव्हा सुटली ते मला आठवत नाही. कदाचित कोणालाच ते कळलं नाही. मॅडमची लाली कधी गेली नाही. कमी व्हायची, पुन्हा यायची. त्या म्हणायच्या, "पोरींनो, हे बरं होणारं नाही, सांभाळायचं आहे. सांभाळायला काय, मी तुम्हालाही सांभाळतेच की!"

आमची शेवटची परीक्षा झाली. निकालानंतर जूनमध्ये मी गुणपत्रिका घ्यायला धुळ्याला गेले आणि वसतिगृहाकडे वळले. अंगणात नव्या मुलींची गर्दी होती. ओट्याजवळ आबा उभे दिसले. ते सुनंदाच्या धाकट्या बहिणीला घेऊन आले होते. कोणी काही न सांगता, कसली अट न घालता.

मॅडम आणि ती मुलगी कापसाची जाड गादी घेऊन जिन्यावर चढत होत्या. एक टोक मॅडमच्या हातात, एक तिच्या. वळणावर गादी अडकली. मॅडम वरून ओढत होत्या, पोर खालून ढकलत होती, आणि दोघी इतक्या हसत होत्या की ढकलायला जोरच राहिला नव्हता. आबा खालून हातवारे करत ओरडत होते, "ताई, वाकडी धरा! वाकडी!"

हाक मारावी असं मला वाटलं, पण मारली नाही. मी फाटकाशीच थांबून पाहत राहिले. गादी एकदम सुटली, मॅडम तिच्यासकट धपकन मागे बसल्या, आणि वरच्या मजल्यावरून त्यांचा आवाज आला, "आली! आली वर!"